स्विस पूर्वज आणि चर्चच्या जुन्या वह्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावई झुरिचचा, सून बर्नची, नाहीतर खुद्द पणजीच लुत्सर्नकडची, अशा मराठी घरांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ करायची असते. आपल्या बाजूची माहिती काका-मामांना विचारून चार-पाच पिढ्यांपर्यंत मिळते, पण स्विस बाजू आजोबांपाशीच अडते. आधी पहिले चार प्रश्न वाचा. पुढचे अडचण येईल तसे वाचले तरी चालतील.

१. आमच्याकडे सासऱ्यांचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव एवढंच आहे. सुरुवात कुठून करू?

जन्मगाव सध्या बाजूला ठेवा. सासऱ्यांचा स्विस पासपोर्ट किंवा ओळखपत्र काढून बघा. त्यावर जन्मस्थळाऐवजी दुसऱ्याच एका गावाचं नाव छापलेलं असतं, ते म्हणजे हायमाटोर्ट. फ्रेंच, इटालियन भागांत त्याला वेगळे शब्द आहेत, व्यवस्था तीच. जुनी कौटुंबिक नोंद या गावाच्या खात्यात असते, मग माणूस जन्मला आणि वारला कुठेही असो. जन्मगावच्या चर्चमध्ये महिनोन्महिने शोधून हात हलवत परतलेले लोक मला वरचेवर भेटतात, आणि हायमाटोर्ट घरातल्याच एखाद्या कागदावर लिहिलेलं असतं. पासपोर्ट नसेल तर लग्नाचा दाखला, लष्करी सेवेची पुस्तिका किंवा 'फामिलिएनब्युखलाइन' नावाची छोटी कुटुंबपुस्तिका शोधा.

२. हायमाटोर्ट म्हणजे आपलं 'मूळ गाव'च ना? पण त्या गावात आमच्यापैकी कोणी पाऊलही ठेवलेलं नाही.

भावनेच्या पातळीवर हो, पण हायमाटोर्टला कायद्याचं वजन आहे. स्विस माणूस आधी एका गावाचा नागरिक, त्यामुळे कँटनचा (म्हणजे तिथल्या राज्याचा) आणि त्यामुळे देशाचा. हा गावाचा हक्क वारशाने पुढे जातो. चार पिढ्या बाझलमध्ये राहिलेल्या कुटुंबाचं हायमाटोर्ट एमेनटाल खोऱ्यातलं ट्रुब असणं अगदी नेहमीचं.

या व्यवस्थेचं मूळ गरिबांच्या पोटापाण्यात आहे. माणूस कंगाल झाला की त्याला पोसण्याची जबाबदारी त्याच्या हायमाटोर्टवर पडायची. त्यामुळे आपले नागरिक कोण, ते कुठे राहतात, त्यांना मुलं किती, यावर गावाची बारीक नजर असे. परगावी राहायला जायचं तर हायमाटोर्टचं प्रमाणपत्र सोबत न्यावं लागे. परगावी झालेल्या बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची खबर मूळ पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) पाळकाला पाठवली जाई, विशेषतः एकोणिसाव्या शतकात. म्हणूनच आज आपल्याला कुटुंब एका जागी नोंदवलेलं मिळतं.

बायकांच्या बाबतीत मात्र जपून. १९८८ पूर्वी लग्न झालं की बाईचं हायमाटोर्ट बदलून नवऱ्याचं लागायचं. तेव्हा आजीच्या ओळखपत्रावर जे गाव दिसतं, ते बहुधा आजोबांचं असतं. आजीच्या माहेरचा माग काढण्यासाठी प्रश्न १३ पाहा.

३. कागदपत्र काहीच नाही, फक्त आडनाव माहीत आहे. त्यावरून हायमाटोर्ट कळेल का?

बऱ्याचदा कळतं. १९६२ साली स्वित्झर्लंडच्या गावागावांत कोणत्या आडनावांना नागरिकत्व होतं, याची एक आडनावसूची आहे. 'स्वित्झर्लंडचा ऐतिहासिक कोश' याच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. आडनाव टाकलं की कँटन, गाव आणि नागरिकत्व मिळाल्याचा काळ समोर येतो. १८०० पूर्वीचं असेल तर 'ए', एकोणिसाव्या शतकातलं असेल तर 'बी' आणि त्यानंतरचं असेल तर 'सी' अशी खूण असते.

'ए' असलेल्या गावांकडे आधी वळा. व्युथ्रिखसारखं आडनाव मोजक्या गावांत मिळतं, मग काम सोपं होतं. म्युलर, मायर किंवा श्मिड असेल तर यादी लांबलचक निघते. अशा वेळी गाव ठरवायला दुसरा एखादा दुवा लागतोच: धर्मपंथ, बोली, एखादं जुनं पत्र. १९६२ आधीच नामशेष झालेली घराणी या सूचीत नाहीत, हे लक्षात असू द्या.

गावाचं नाव मिळालं तरी कँटन तपासा. झुरिचमधलं क्युस्नाख्त वेगळं आणि श्वित्समधलं क्युस्स्नाख्त वेगळं. बुख्स नावाची गावं तर अनेक कँटन्समध्ये आहेत.

४. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी सोडून चर्चच्या वह्या कशाला उपसायच्या?

कारण देशभर सरकारी नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ ला. त्याआधी बहुतेक ठिकाणी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाळक किंवा धर्मगुरूच ठेवत. १८७६ नंतरच्या नोंदी सिव्हिल रजिस्ट्रीकडे असतात. अलीकडच्या दशकांतल्या नोंदींसाठी तुम्ही थेट वंशज असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि शुल्कही भरावं लागतं. त्या कचेरीकडे एकेक दाखला मागण्यापेक्षा कुटुंब-नोंदवहीचा उतारा मागा. १९२९ पासून प्रत्येक हायमाटोर्टमध्ये नवरा, बायको, दोघांचे आईवडील आणि मुलं एका पानावर लिहिलेली असत. त्या एका उताऱ्यात दोन-तीन पिढ्या हाती लागतात आणि तुम्ही थेट चर्चच्या काळापाशी पोचता.

अपवाद जिनिव्हा आणि आजच्या यूरा भागाचा. यूराचा प्रदेश १७९३ पासून आणि जिनिव्हा १७९८ पासून फ्रान्सच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथे फ्रेंच पद्धतीची नागरी नोंदणी तेव्हाच आली. तारखाही काही वर्षं फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरात लिहिलेल्या दिसतात. वर्ष 'आठवं' वगैरे दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

५. या वह्या किती जुन्या आहेत? आम्हाला किती मागे जाता येईल?

माहितीतली सगळ्यात जुनी बाप्तिस्म्याची वही पोराँत्र्वीची, १४८१ मधली. बाझलच्या सेंट थिओडोर चर्चची १४९० ची. ही मात्र दुर्मीळ उदाहरणं झाली. झुरिचमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीच्या काळात, १५२६ मध्ये, नोंदी ठेवण्याचा नियम झाला. त्यामागे मुलांना बाप्तिस्मा द्यायला नकार देणारे कोण हे शोधण्याचाही हेतू होता (प्रश्न १५). कॅथलिक भागांत ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये आदेश काढला खरा, पण गावोगावी तो पोचायला पुढची कित्येक दशकं लागली.

मृत्यूच्या नोंदी सगळ्यात उशिरा येतात. बाप्तिस्म्याची वही १५५० ची आणि दफनाची पुढच्या शतकातली किंवा त्याहूनही नंतरची, असं रिफॉर्म्ड (म्हणजे प्रोटेस्टंट) गावांत सर्रास दिसतं. त्यात वह्या जळाल्या, भिजल्या, उंदरांनी खाल्ल्या, मधल्या वीस वर्षांत पाळकानेच आळस केला, हेही आलंच. सर्वसाधारण शेतकरी कुटुंब सतराव्या शतकापर्यंत नेता आलं तर मी ते चांगलं यश समजतो. 'आम्ही १२९१ पर्यंत (स्वित्झर्लंडच्या स्थापनेचं मानलं जाणारं साल) पोचलो' असं कोणी सांगितलं तर पुरावा मागा.

६. एका नोंदीत नेमकं काय काय लिहिलेलं असतं?

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत घराण्याच्या नावाखाली सगळी माणसं एकत्र सापडतात. चर्चची वही तशी नसते. ती तारखेप्रमाणे चालते, त्यामुळे एकाच घरातली सहा मुलं सहा वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात आणि कुटुंब तुम्हालाच जुळवावं लागतं.

बर्नकडच्या अठराव्या शतकातल्या नोंदीचा एक नमुना घेऊ. डावीकडे आईवडील: उलरिख व्युथ्रिख, ट्रुबचा, आना गेर्बर, लांगनाऊची. मधे मूल: ख्रिस्टेन. उजवीकडे साक्षीदार, म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्मपिते आणि धर्ममाता: दोन पुरुष, एक बाई. एवढ्या तीन ओळींतून काय निघतं पाहा. आईचं माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव मिळालं, म्हणजे पुढची वही कुठली ते कळलं. बर्नमध्ये मुलाला दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, मुलीला याच्या उलट अशी रीत होती. त्यामुळे नाव पुसट असलं तरी साक्षीदार मोजून मूल मुलगा की मुलगी हे ओळखता येतं.

नावापुढे छोटा क्रॉस असेल तर मूल पुढे लहानपणीच वारलं, असं पाळकाने नंतर नोंदवलेलं असू शकतं. वडिलांच्या नावापाशी 'सेल.' अशी दोन-तीन अक्षरं दिसली तर थांबा. ते 'सेलिग'चं लघुरूप, म्हणजे कैलासवासी. मृत्यूची वहीच नसलेल्या काळात त्या माणसाच्या मरणाचा तेवढाच एक पुरावा तुमच्या हातात असतो.

दिवस बाप्तिस्म्याचा असतो. जन्म त्याआधी बहुधा काही दिवसांत झालेला. जन्मतारीख वेगळी लिहायची पद्धत नंतर रुळली.

७. वह्या आता कुठे आहेत? पुण्यात बसून बघता येतील का?

कँटननुसार उत्तर बदलतं, आणि देशाची एकच एक खिडकी नाही. बर्नच्या अभिलेखागाराने १८७५ पर्यंतच्या वह्यांची पानं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. जिनिव्हाच्याही पाहता येतात. काही ठिकाणी वाचनकक्षात जाऊन मायक्रोफिल्म फिरवावी लागते. कॅथलिक भागांत वही अजून पॅरिशमध्ये किंवा बिशपच्या अभिलेखागारातही असू शकते. मॉर्मन चर्चच्या 'फॅमिलीसर्च'ने अनेक वह्यांचं चित्रीकरण केलेलं आहे. खातं फुकट मिळतं, पण काही चित्रं फक्त त्यांच्या केंद्रांतूनच उघडतात.

कँटनच्या सीमाही बदललेल्या आहेत. आरगाऊ आणि व्हो यांचा बराच भाग १७९८ पर्यंत बर्नच्या सत्तेखाली होता. यूरा १९७९ मध्ये बर्नपासून वेगळं झालं. लाउफेन खोरं १९९४ मध्ये बर्नमधून बाझल-लांडशाफ्टमध्ये गेलं. 'आमचे आजोबा बर्न कँटनचे' हे वाक्य त्यांच्या काळी खरं होतं, आज वही दुसरीकडे असू शकते.

आणखी एक. गाव आणि पॅरिश एकच असेलच असं नाही. डोंगराळ भागात पाच-सहा वस्त्यांचं मिळून एक चर्च असायचं. आधी हायमाटोर्ट कुठल्या पॅरिशमध्ये होतं ते बघा, मग वही मागा.

अभिलेखागाराला मेल लिहाल तर जर्मनमध्ये (किंवा त्या भागाच्या भाषेत) चार ओळी लिहा: नाव, हायमाटोर्ट, अंदाजे साल, नेमकं काय हवं. 'आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा' अशा पत्राला सभ्य नकारच येतो.

८. पान उघडलं, पण एक अक्षर लागत नाही. काय करू?

ती कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. जर्मन येणाऱ्या आजच्या स्विस माणसालाही ती वाचता येत नाही, तेव्हा जावयाला दोष देऊ नका. कॅथलिक वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, आणि नवख्याला त्या सोप्या जातात, कारण तेच आठ-दहा शब्द परत परत येतात.

शिकायची माझी पद्धत उलटी आहे. १८६०-७० च्या पानापासून सुरू करा. तिथे छापील रकाने असतात, अक्षर मोठं असतं आणि कुटुंबाची नावं तुम्हाला आधीच माहीत असतात. माहीत असलेलं आडनाव शोधा, त्या पाळकाचा 'एच', 'एस' आणि 'ई' कसा आहे ते कागदावर काढून घ्या, मग दहा-दहा वर्षं मागे सरका. पाळक बदलला की हस्ताक्षर बदलतं, तिथे दोन दिवस जातात. थेट १६५० चं पान उघडून बसलेले लोक आठवड्यात नाद सोडतात. हस्ताक्षर वाचणारी संगणकीय साधनं आता चांगली झाली आहेत, पण नावांच्या बाबतीत ती बिनदिक्कत थाप मारतात.

९. महिन्यांची नावं विचित्र आहेत. '७बर' म्हणजे जुलै ना?

नाही, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सप्टेम म्हणजे सात. त्याच हिशेबाने '८बर' ऑक्टोबर, '९बर' नोव्हेंबर, आणि रोमन दहाच्या चिन्हापुढे 'बर' म्हणजे डिसेंबर. जुनी जर्मन नावंही येतात: होर्नुंग फेब्रुवारी, ब्राखमोनाट जून, हॉयमोनाट जुलै, हेर्ब्स्टमोनाट सप्टेंबर, वाइनमोनाट ऑक्टोबर, विंटरमोनाट नोव्हेंबर, ख्रिस्टमोनाट डिसेंबर. संगणकावर तयार केलेल्या वंशावळींत '७बर'चा जुलै झालेला मी इतक्या वेळा पाहिला आहे, की कोणाच्याही झाडात जुलैचे बाप्तिस्मे जास्त दिसले की आधी तेच तपासतो.

१०. त्याच घराण्याच्या दोन शाखांच्या तारखांत दहा-अकरा दिवसांचा फरक का येतो?

दोन कॅलेंडरं. लुत्सर्न, उरी, श्वित्स अशा कॅथलिक कँटन्सनी ग्रेगरियन कॅलेंडर १५८४ मध्ये घेतलं. झुरिच, बर्न, बाझल वगैरे रिफॉर्म्ड भागांनी पोपचं कॅलेंडर म्हणून शंभराहून जास्त वर्षं नाकारलं, आणि मग ३१ डिसेंबर १७०० नंतर एकदम १२ जानेवारी १७०१ उजाडवला. त्यामुळे झुरिचच्या वहीत '५ जानेवारी १७०१' अशी तारीख सापडली तर वाचण्यात चूक आहे, कारण तो दिवस तिथे झालाच नाही. ग्राउब्युंडेनच्या शिअर्स आणि ग्र्युश या गावांनी तर १८१२ पर्यंत जुनं कॅलेंडर सोडलं नव्हतं.

वंशावळीत तारीख वहीत आहे तशीच लिहा आणि शेजारी 'जुनी गणना' अशी खूण करा. स्वतः बदलून लिहू नका. पुढच्या माणसाला मूळ नोंद सापडत नाही.

११. एकाच गावात एकाच वेळी चार हान्स मायर! आमचा कोणता?

सगळ्यात जास्त वंशावळी इथेच चुकतात. उत्तर एका नोंदीत कधीच नसतं. गावातल्या चारही हान्सची कुटुंबं वेगवेगळी मांडा, म्हणजे बायको, मुलं, वस्तीचं नाव, धंदा, मृत्यू. जो लहानपणीच वारला तो बाद. ज्याची बायको वेगळी तो बाद. उरलेल्यांत धर्मपिता आणि धर्ममाता बघा. स्विस लोक त्यांना ग्योट्टी आणि गोटे म्हणतात. काका, मामी, शेजारचा गिरणीवाला, अशी जवळचीच माणसं या कामाला बोलावली जात. तुमच्या हान्सच्या पाच मुलांपैकी तिघांची गोटे एकच बाई असेल, तर ती बहुधा हान्सची किंवा त्याच्या बायकोची बहीण. तिच्या माहेरावरून हान्सचं घर ठरतं.

धंदा आणि आडनाव यांची गल्लत टाळा. 'हान्स मायर, म्युलर' म्हणजे गिरणीवाला हान्स मायर. आणि 'फेटर' हा शब्द चुलतभावासाठीच नाही, कुठल्याही नातेवाइकासाठी वापरत.

झुरिच कँटनमध्ये तुमचं नशीब बरं. तिथे पाळकांना १६३४ पासून घरोघरची यादी करायला लावलेली होती. धर्मप्रमुख ब्रायटिंगर यांचा तो आदेश. घरात कोण राहतं, मुलांची वयं काय, कोणाला कुठल्या प्रार्थना पाठ येतात, इथपर्यंत लिहिलेलं असतं. वहीतले विखुरलेले लोक त्या यादीत एका छपराखाली दिसतात.

ग्लारुसवाल्यांना तर ताट वाढूनच ठेवलं आहे. कुबली-म्युलर या गृहस्थांनी कँटनमधल्या घराण्यांच्या वंशावळी हाताने लिहून ठेवल्या, आणि त्या तिथल्या अभिलेखागारात आहेत.

१२. एकाच जोडप्याने दोन मुलांना एकच नाव ठेवलंय. नोंद चुकली का?

बहुधा पहिलं मूल गेलं. आजोबाचं किंवा धर्मपित्याचं नाव घरात राहावं म्हणून पुढच्या मुलाला तेच देत. मृत्यूच्या वहीत 'हान्स मायरचं मूल' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून पुरावा कमी वाटतो. मात्र आईचं नाव दोन्हीकडे तेच आहे ना, हे बघाच. बायको वारल्यावर दुसरं लग्न झालेलं असू शकतं, किंवा तो दुसराच हान्स असू शकतो (प्रश्न ११).

१३. आजीचं माहेरचं नाव कसं शोधायचं? कागदांवर जोडआडनाव आहे.

इथे स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा उदार आहे. जुन्या वह्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने येते. मधे छोटी रेघ असलेलं जोडआडनाव, समजा 'म्युलर-गेर्बर', यात पहिलं नवऱ्याचं आणि दुसरं बायकोच्या माहेरचं. गंमत म्हणजे नवराही तेच जोडनाव लावतो. आजोबांच्या पत्रावर 'म्युलर-गेर्बर' अशी सही असेल तर गेर्बर हे आजीचं माहेर.

आडनावाला शेवटी 'इन' लागलेलं दिसेल: मायरिन, गेर्बरिन. ते फक्त स्त्रीलिंगी रूप, वंशावळीत मायर, गेर्बर असंच लिहा. घरगुती नावांचीही यादी जवळ ठेवा: व्रेनी म्हणजे व्हेरेना, बेबी म्हणजे बार्बरा, ट्रिनी म्हणजे काथारिना, एल्सी म्हणजे एलिझाबेथ. पुरुषांत उली हा उलरिख, हायनी हा हाइनरिख. पाळक बाप्तिस्म्याला एक आणि दफनाला दुसरं लिहितो.

१४. मुलं सापडली, लग्न सापडत नाही.

लग्न तिसऱ्याच गावात लागलेलं असू शकतं, आणि ते फार वेळा होतं. पण त्याआधी वधू आणि वर दोघांच्या गावी चर्चमध्ये जाहीर घोषणा व्हायची. म्हणून दोन्हीकडच्या वह्यांत 'घोषणा झाली, अमुक ठिकाणी लग्न लागलं' अशी ओळ शोधा. एक कॅथलिक आणि एक रिफॉर्म्ड असेल तर प्रकरण अवघड. १८५० च्या संघीय कायद्याआधी बऱ्याच कँटन्समध्ये असं लग्न जवळपास अशक्य होतं. कोणीतरी पंथ बदलायचा आणि त्यापायी गावाचा हक्कही गमवायचा. हायमाटोर्ट अचानक बदललेलं दिसलं तर हे कारण तपासा.

१५. भावंडांच्या नोंदी आहेत, आमच्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्याची नाही. असं का?

आधी साधी कारणं बघा. बायका पहिल्या बाळंतपणाला माहेरी जात, मग नोंद माहेरच्या वहीत. काही वेळा पान गहाळ.

दुसरं कारण ॲनाबाप्टिस्ट. १५२५ मध्ये झुरिचमध्ये सुरू झालेला हा पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसे, आणि सरकारने त्याचा भयंकर छळ केला. या पंथातल्या फेलिक्स मान्त्सला ५ जानेवारी १५२७ ला लिमात नदीत बुडवून मारलं. एमेनटालमध्ये हा छळ पुढे दीडदोनशे वर्षं चालू राहिला. अशा कुटुंबातली मुलं वहीत नसतात, किंवा सहा-सात वर्षांची झाल्यावर जबरदस्तीने बाप्तिस्मा दिलेली आढळतात. त्यांचा माग कोर्टाच्या कागदांत, दंडाच्या आणि जप्तीच्या नोंदींत लागतो. अमिश लोक याच धारेतले, १६९३ च्या फुटीतून निघालेले.

तिसरं, कुटुंब ज्यू असेल तर चर्चच्या वहीत ते असणारच नाही. १७७६ पासून ज्यूंना आरगाऊच्या झुर्ब खोऱ्यातल्या एंडिंगेन आणि लेंगनाऊ या दोनच गावांत कायम राहायची परवानगी होती. देशात कुठेही वस्ती करायची मुभा मिळाली १८६६ मध्ये. स्विस ज्यू घराण्याचा शोध म्हणून या दोन गावांपासून सुरू करावा.

१६. वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. वंशावळ इथेच संपली का?

नाही. उलट अशा प्रकरणात कागद जास्त निघतात. लग्नाबाहेरच्या मुलाला कोणी पोसायचं हा गावाच्या तिजोरीचा प्रश्न होता (प्रश्न २), त्यामुळे बाप कोण याची चौकशी कसून व्हायची. प्रसूतीच्या कळा चालू असताना सुईण आणि चर्चची पंच मंडळी त्या बाईला बापाचं नाव विचारत, कारण तेव्हा ती खोटं बोलणार नाही असा समज होता. वाचताना अंगावर काटा येतो. बर्नकडे चर्चच्या न्यायसभेची इतिवृत्तं जपलेली आहेत. त्यांत जन्माच्या आधीच्या काही महिन्यांची पानं बघा. बापाने कबूल केलं तर त्याचं नाव, गाव, कधीकधी त्याने दिलेली वचनंही शब्दशः मिळतात.

१७. हायमाटोर्टच्या वहीत १८५० च्या आधी हे आडनावच नाही. गाव चुकलं का?

गाव बरोबर असू शकतं. पहिली शक्यता अशी की कुटुंबाने पैसे भरून तिथलं नागरिकत्व घेतलं, मग आधीचं हायमाटोर्ट गावाच्या ठरावांत नमूद असतं.

दुसरी शक्यता लोकांना पचत नाही. कुठल्याच गावाचा हक्क नसलेले हजारो लोक तेव्हा होते: फिरते कारागीर, टोपल्या विणणारे, भांड्यांना कल्हई लावणारे, पंथ बदलल्याने हक्क गमावलेले. ३ डिसेंबर १८५० च्या कायद्याने त्यांना सक्तीने कुठल्या ना कुठल्या गावाच्या गळ्यात बांधलं, आणि गावांनी कुरकुर करत ते स्वीकारलं. त्या लोकांना पकडून बर्नला आणलं, चौकशा केल्या, आणि कार्ल डुर्हाइम या छायाचित्रकाराने १८५२-५३ मध्ये त्यांचे फोटो काढले. पोलिसी कामासाठी काढलेले हे अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी. तुमचं कुटुंब यातलं असेल तर त्या गावाशी त्यांचा रक्ताचा संबंध शोधू नका. संघीय अभिलेखागारातल्या चौकशीच्या फायली मागवा. आईवडील कोण, कुठे कुठे भटकले, हे त्यांत त्यांच्याच तोंडून आलेलं असतं.

१८. पूर्वज १७०० च्या सुमारास वहीतून गायब झाले. मृत्यूची नोंद नाही.

बहुधा देश सोडला. तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपल्यावर ओस पडलेल्या, ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलाटिनेट आणि अल्सास या प्रदेशांकडे स्विस शेतकरी गेले. पुढे त्यांचीच नातवंडं पेनसिल्व्हेनियात पोचली. पाळकाने समासात 'पॅलाटिनेटमध्ये' इतकं लिहिलेलं असतं, म्हणून समास वाचायची सवय ठेवा. नंतरच्या लाटा पत्त्यासकट मिळतात: १८१९ मध्ये ब्राझीलचं नोव्हा फ्रिबुर्गो, १८४५ मध्ये विस्कॉन्सिनचं न्यू ग्लारुस.

१९. इंटरनेटवर आमचं पूर्ण झाड आणि कुलचिन्हही तयार मिळालं. ते घेऊ का?

झाड सुगावा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. प्रत्येक दुव्यासाठी वही आणि पान मागा. कुलचिन्हाबद्दल, शेतकरी आणि कारागीर घराण्यांचीही चिन्हं स्वित्झर्लंडमध्ये असतात, त्याला सरदारकी लागत नाही. पण एकाच आडनावाच्या दहा वेगळ्या घराण्यांची दहा चिन्हं असतात. दुकानदार त्यातलं सगळ्यात देखणं विकतो.

२०. खापरपणजी स्विस होती हे सिद्ध केलं तर मुलांना पासपोर्ट मिळेल का?

जवळपास नाहीच. नागरिकत्व आईवडिलांकडून मिळतं, आणि परदेशात जन्मलेल्या, दुसरं नागरिकत्व असलेल्या मुलाची नोंद २५ व्या वर्षापर्यंत स्विस अधिकाऱ्यांकडे झाली नाही तर ते संपतं. ही वयाची मर्यादा आधी २२ होती. शिवाय १९५३ पूर्वी परदेशी माणसाशी लग्न करणारी स्विस बाई साधारणपणे नागरिकत्व गमावून बसायची. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच साखळी तुटलेली असते. हौसेसाठी शोध घ्या, व्हिसासाठी नको. पालकांपैकी कोणी आजही स्विस असेल तर मात्र दूतावासाला लगेच विचारा.

२१. पूर्वज स्विस, पण मुंबईत नोकरीला होते आणि इथेच वारले. नोंद कुठे?

दोन्ही देशांत शोधा. फोलकार्ट ब्रदर्स ही पेढी १८५१ मध्ये विंटरटूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी सुरू झाली. व्होल्टास या नावातला 'व्होल' तिथलाच. कापसाच्या धंद्यासाठी अनेक स्विस तरुण तिच्यामार्फत इकडे आले. बाझल मिशनचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले आणि काही वर्षांत हुबळी-धारवाडकडे, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात पोचले.

ब्रिटिश अमलातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्याचा वेगळा विभाग आहे. मिशनच्या माणसांसाठी बाझलमधलं मिशनचं अभिलेखागार बघा. तिथे प्रत्येकाची स्वतंत्र फाईल असते, आणि भरतीच्या वेळी त्याने स्वतः लिहिलेली जीवनकहाणीही बऱ्याचदा तीत मिळते. आणि हायमाटोर्टच्या वहीत मृत्यूच्या सालाच्या पुढची दोन-तीन वर्षंही चाळा. मुंबईहून खबर जहाजाने निघायची, पेढीतून फिरत गावच्या पाळकाकडे पोचायची, आणि तो ती ज्या दिवशी मिळाली त्या पानावर लिहायचा.